आधी सांगायचं, मग उडायचं

छोट्या विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस उंचीपेक्षा आवाजाला जास्त दचकतो. इंजिनाचा सूर मध्येच उतरला किंवा पंखातून घरघर ऐकू आली, की त्याची नजर थेट वैमानिकाच्या चेहऱ्यावर जाते. म्हणून पाहुण्यांना वर नेताना मी एक नियम पाळतो. विमान जे काही करणार, ते करण्याआधी सांगायचं.

मी मूळचा मुक्ताईनगरचा. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो आणि इथं खासगी वैमानिकाचा परवाना काढला. उन्हाळ्यात इथल्या मराठी घरांत गावाकडून आईवडील येतात. त्यांच्यापैकी कुणाला हौस असली, तर वॉटसनव्हिलच्या विमानतळावरून चार आसनी सेस्ना १७२ विमानातून अर्धा तास फिरवून आणतो. या परवान्यावर प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. खर्च वाटून घेतला तरी वैमानिकाला स्वतःचा वाटा भरावाच लागतो. शिवाय मागच्या ९० दिवसांत किमान ३ उड्डाणं आणि ३ लँडिंग झालेली नसतील, तर प्रवासी घेता येत नाहीत.

काम सुरू होतं ते फोनवर, वजन विचारण्यापासून. आपल्याकडे बायामाणसांना वजन विचारणं अवघड वाटतं, पण इथं संकोच करून चालत नाही. मी नेतो त्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन १,१५७ किलोच्या वर जाऊ द्यायचं नसतं. टाक्या पूर्ण भरल्या तर नुसतं इंधनच १४४ किलोच्या आसपास होतं. त्यामुळे खुर्च्या चार असल्या तरी चार मोठी माणसं बसतीलच असं नाही. आकडे कागदावर मांडून बेरीज करायची आणि ती बसली नाही तर एकाला पुढच्या फेरीसाठी थांबवायचं.

मग हवामान. मॉन्टेरी उपसागरावरून उन्हाळ्याच्या सकाळी दाट धुकं आत येतं आणि कधी दुपारपर्यंत हटत नाही. म्हणून मी पाहुण्यांना ठरावीक वेळ देत नाही. ‘उद्या जमलं नाही तर जायचं नाही’ हे आदल्या दिवशीच सांगून ठेवतो. पाहुण्यांची परतीची तिकिटं जवळ आलेली असतात, मुलांनी सुट्टी काढलेली असते. ही घाई वैमानिकाच्या डोक्यात शिरली की ती धुक्याइतकीच घातक ठरते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या चांगदेव गावचे काका-काकू आले होते. काका केळीवाले. काकूंनी साडी नेसली होती, म्हणून पदर खोचून घ्यायला सांगितलं आणि विमानाजवळ नेहमी पंखाच्या मागच्या बाजूने यायचं, पुढच्या पात्याकडे कधीच जायचं नाही, हे दाखवलं. पंखाखालच्या तोटीतून पारदर्शक भांड्यात थोडं इंधन काढलं. ते निळं असतं. त्यात पाणी असलं तर तळाशी वेगळं दिसतं. काकांनी भांडं उजेडात धरून स्वतः पाहिलं. आपल्या हातांनी एक तपासणी केली की माणूस निम्मा निर्धास्त होतो.

काका पुढे बसले. खुर्ची रुळावर पक्की अडकली का, हे हलवून बघितलं, कारण उड्डाणाच्या वेळी ती मागे सरकता कामा नये. पट्टा कसा सोडायचा, दार कसं उघडायचं हे त्यांच्याकडून करवून घेतलं. पायांशी असलेल्या पेडलना आणि समोरच्या दांड्याला हात-पाय लावायचे नाहीत. धावपट्टीवर आणि उतरताना बोलायचं नाही. मात्र दुसरं विमान दिसलं तर लगेच बोट दाखवायचं. शेवटी सर्वांत महत्त्वाचं सांगितलं, ‘‘नको वाटलं की म्हणा, परत फिरू. कारण विचारणार नाही.’’

काकू मागून म्हणाल्या, ‘‘भाऊ, मले आधी सांगत जाय बरं.’’

सांगत गेलो. आता इंजिन जोरात ओरडेल. आता नाक वर उचलेल. आता आवाज कमी होईल, तो मीच कमी करतोय. वळण घेताना पंख हळूहळू, थोडाच कलवला. खाली पहारो खोऱ्यातली स्ट्रॉबेरीची शेतं आली. काकांना हजार फुटांवरूनही गादीवाफ्यांवरचं मल्चिंग ओळखता आलं आणि ठिबकच्या नळ्या कुठून आणल्या असतील यावर ते बोलू लागले. पुढे एल्कहॉर्न स्लूची वळणदार खाडी आणि मॉस लँडिंगच्या वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसल्या. ‘‘हे तर आपलं हतनूर धरणाचं पाणी अन् दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी!’’ काका म्हणाले. काकूंनी तोवर घट्ट धरलेली खुर्ची सोडून खिडकीची कड धरली होती.

उतरताना घरघर होणार, ती पंखांच्या मागच्या झडपा खाली येण्याची, आणि अगदी शेवटी शिट्टी वाजेल, तीही सांगून ठेवली. विमानाचा वेग फार कमी झाला की ती वाजते. चाकं टेकताना वेग कमीच हवा असतो, त्यामुळे तिथं ती ऐकू येणं ठीकच. शिट्टी वाजली तेव्हा काकांनी मान डोलावली.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘नातीले शिकता येईन का हे?’’ येईल. खासगी परवान्याला १७ वर्षं पूर्ण आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, भारतातही. व्यावसायिक परवान्याला तिथं २०० तास. त्यासाठी अमेरिकेत यायचीही गरज नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरजवळ विमान चालवायला शिकवतात. विमानतळ तर आपल्या जळगावलाही आहे. त्याचं उद्घाटन २०१२ साली झालं ते तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. त्या पूर्वी आमच्याच एदलाबादच्या आमदार होत्या.

खर्च मोठा आहे, हे खरं. पण त्याच्याही आधी आपल्या पोरांना अडवतो तो समज, की विमान ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट आहे. काकांचा तो समज निळं इंधन हातात धरल्यापासून सुटत गेला. खान्देशातल्या धावपट्ट्यांवर शिकवणाऱ्यांनी वर्षातून एक दिवस आसपासच्या शाळांना बोलवावं, दार उघडावं, शिट्टी वाजवून दाखवावी आणि ती का वाजते ते सांगावं. मुलं पुढचं स्वतःहून विचारतील.