साहेब आला, पण तीस वर्षांनी

गॅसवर आमटी उतू जाते तेव्हा एक गोष्ट होते, तुम्ही नक्की पाहिली असेल. निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. आई ओरडते, आपण गॅस बारीक करतो, विषय संपतो. पण तो पिवळा रंग आमटीचा नसतो, हळदीचाही नसतो. तो मिठातल्या सोडियमचा असतो. हा पिवळा जरा लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यावरूनच झालाय.

विजयदुर्गला तुम्ही कधी ना कधी गेला असाल, निदान कॉलेजच्या ट्रिपला तरी. किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून तिथे एक गोष्ट सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज साहेबानं या कट्ट्यांवर दुर्बीण लावली, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हेलियम शोधला. विजयदुर्ग तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. त्यामुळे ही गोष्ट आपण हक्कानं सांगतो. मीही सांगितलीय, शाळेत, भाषणात, टाळ्या घेऊन.

प्रॉब्लेम एवढाच, की त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होता.

ग्रहण खरं होतं. त्याचा पट्टा भारतावरून गेला तेही खरं. आंध्रात गुंटूरला फ्रान्सचा ज्युल्स जान्सेन बसला होता. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. या सगळ्यांकडे नवं खेळणं होतं, स्पेक्ट्रोस्कोप. मराठीत वर्णपटदर्शक.

हे यंत्र करतं काय? प्रकाशाला लोलकातून पाठवून त्याचे रंग पसरवतं. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरावीक रंगांच्या बारीक रेषा देतं, दुसऱ्या कुणाच्या नसतील अशा. आधार कार्डावरचे बोटांचे ठसेच समजा. सोडियमचा ठसा म्हणजे पिवळ्या भागात शेजारी शेजारी दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी हे गणित बसवलं आणि अचानक लक्षात आलं, की हात न लावता ताऱ्याची तपासणी करता येते. त्याआधी फक्त पंचवीस वर्षं, १८३५ मध्ये, ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. बिचारा!

ग्रहणात चंद्रानं सूर्य झाकला, कडेच्या लाल ज्वाळा दिसल्या आणि हर्शेलला जमखिंडीत त्यांच्या वर्णपटात चमकत्या रेषा दिसल्या. लाल, निळी आणि एक नारिंगी. ती नारिंगी-पिवळी रेषा म्हणजे सोडियमच, असा समज होणं साहजिक होतं. म्हणजे आमटीचाच रंग.

लॉकयरनं २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर स्पेक्ट्रोस्कोप रोखला आणि त्याला त्या ज्वाळांच्या रेषा दिसल्या. ग्रहणाशिवाय हे जमतं, हे जान्सेननंही गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी दाखवलं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. मग फ्रान्सनं दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. तर लॉकयरनं ती पिवळी रेषा नीट मोजली आणि ती सोडियमच्या जागेवर बसेना. ती होती ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास. तेवढ्यावरून त्यानं म्हटलं, हे पृथ्वीवर न सापडलेलं द्रव्य आहे. ग्रीक ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, त्यावरून नाव हेलियम. शेवटचा ‘इयम’ धातूंच्या नावांना लावतात, म्हणजे बारशातही चूक झालीच.

बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. प्रयोगशाळेत दाखवा, मग बोला. ते दाखवायला १८९५ उजाडलं. लंडनमध्ये विल्यम रॅम्झेनं युरेनियमच्या एका खनिजातून वायू बाहेर काढला आणि त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा निघाली. सत्तावीस वर्षं एक माणूस एका रेषेला धरून बसला होता, हे मला कट्ट्यांच्या गोष्टीपेक्षा जास्त भारी वाटतं.

आणि आता ऐका. लॉकयर विजयदुर्गला खरंच आला होता! फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यानं हाच किनारा निवडला. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता. सोबत ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते आणि त्यांनाच ट्रेनिंग देऊन त्यानं निरीक्षणाच्या कामाला जुंपलं. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा होता. म्हणजे किल्ल्यात लॉकयरचा कट्टा शोधायचा, तर तो १८९८ चा शोधायला हवा.

कडेचाच का? कारण हेलियमची ती रेषा उमटायला भरपूर ऊर्जा लागते. सूर्याचा आपल्याला दिसणारा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सियसचा, ती तिथे उमटत नाही. वरच्या पातळ, तापलेल्या थरात उमटते आणि तो थर एरवी उजेडात बुडून जातो. म्हणजे वस्तुमानानं सूर्याचा साधारण चौथा हिस्सा हेलियम, पण नेहमीच्या वर्णपटात त्याचं नाव नाही. रेषा ठळक म्हणजे द्रव्य जास्त, असं सरळ गणित नसतं, तापमान मध्ये येतं. हे समीकरणात मांडलं आपल्या मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. ते वापरून सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीनं १९२५ मध्ये दाखवलं, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत.

त्याच २२ जानेवारीला सोलापूरकडे जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं लावून बसले होते. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभी केलेली. तिची वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. साहेबाचे कट्टे आपल्याला पाठ आहेत, नायगमवालांचं नाव मात्र मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आज हेच काम आयुकाची दोन मीटरची दुर्बीण पुणे जिल्ह्यात गिरवलीला करते. रेषांवरून आता घटकच नाही, ताऱ्यांचं गोत्रही शोधतात. रोहिणी नक्षत्र घ्या. लालसर रोहिणी आणि तिच्या आजूबाजूचे बारीक तारे एकाच कुटुंबातले वाटतात. पण तारा दूर जात असेल तर त्याच्या रेषा लाल बाजूला सरकतात, त्यावरून वेग मिळतो. ते बारीक तारे सेकंदाला सुमारे ३९ किलोमीटरनं लांब चाललेत, रोहिणी ५४ नं. अंतर त्यांचं दीडशे प्रकाशवर्षं, रोहिणीचं पासष्ट. म्हणजे ती त्या घरातली नाहीच, फोटोत मध्ये आलेली पाहुणी आहे. उलट पुष्य नक्षत्रातला धूसर तारकागुच्छ सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवर आहे, पण त्याचं वय, त्याची चाल आणि त्यातली द्रव्यं रोहिणीजवळच्या त्या गुच्छाशी बरीच जुळतात. दोघं भावंडं असावीत, असं मानतात.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास भाट्याच्या किनाऱ्यावर जा. रोहिणी जवळपास बरोब्बर डोक्यावर असते, कारण रत्नागिरीचे अक्षांश आणि तिची जागा यांत अर्ध्या अंशाचाच फरक आहे. पुष्याचा गुच्छ तेव्हा पूर्वेला वर येत असतो. नुसत्या डोळ्यांना तो ढगाच्या ठिपक्यासारखा दिसेल, कुणाकडे दुर्बीण असेल तर मागून न्या.