स्नानसंस्कार आणि सरकारी वर्दी

धर्मस्वातंत्र्याविषयीची आजची कॅथलिक भूमिका दोन अटींची आहे. कोणी काय मानावे हे सरकारने ठरवू नये, ही पहिली. धर्माचा प्रसार करणाऱ्याने समोरच्याच्या गरिबीचा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊ नये, ही दुसरी. पहिली अट सरकारला घातलेली आहे, दुसरी स्वतःला. भारतात या दोन्ही अटींचा कस ज्या मुलखात लागला तो जुना मध्य प्रांत: नागपूर, भंडारा, बालाघाट, रायपूर. गोंदिया जिल्ह्यातले आमगाव याच मुलखाच्या मधोमध येते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. लांजीच्या रस्त्याने गेले की मध्य प्रदेश लागतो. हावडा–मुंबई रेल्वेमार्गाने पूर्वेला निघाले की सालेकसा, डोंगरगड, दुर्ग आणि रायपूर. धर्मांतराच्या कायद्याचा इतिहास बराचसा याच टापूत घडला.

मागचे ओझे

धर्मस्वातंत्र्याची बाजू मांडताना कॅथलिकांना आधी स्वतःच्या इतिहासाला सामोरे जावे लागते. पोर्तुगीज गोव्यात १५६० साली सुरू झालेले धर्मन्यायालय मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकर यांनी त्यावर १९६१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युरोपातही चित्र फार वेगळे नव्हते. पोप नववे पायस यांनी १८६४ साली त्याज्य मतांची यादी प्रसिद्ध केली. कॅथलिक धर्म हा यापुढे राज्याचा एकमेव धर्म असण्याची गरज नाही, हे मत त्या यादीत होते. जिथे कॅथलिक बहुसंख्य तिथे राज्य कॅथलिक असावे आणि जिथे अल्पसंख्य तिथे त्यांना मोकळीक मिळावी, अशी ही दुटप्पी वाटणारी भूमिका पुढे जवळपास शंभर वर्षे टिकली.

‘प्रसार’ हा शब्द

भारतातल्या कॅथलिकांना या दुटप्पीपणाचे उत्तर रोमच्या आधी शोधावे लागले. मद्रासचे जेझुइट फादर जेरोम डिसोझा संविधान सभेचे सदस्य होते. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला. धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्काबरोबर त्याचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क मात्र त्यांना हवा होता. ६ डिसेंबर १९४८ रोजी या शब्दावर चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी कडाडून विरोध केला, तर कन्हैयालाल मुन्शी, लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णमाचारी यांनी तो राखावा असे सांगितले. शब्द राहिला. आजच्या २५ व्या कलमात हा हक्क ‘सर्व व्यक्तींना’ आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत.

नागपूर, १९५४ ते १९५६

मध्य प्रांताच्या टापूत संविधानाआधीही धर्मांतराचे कायदे होते. रायगढ संस्थानाने १९३६ साली आणि सरगुजा संस्थानाने पुढच्या दशकात धर्मांतरावर निर्बंध आणले होते. ही संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली, मिशन आणि संस्थान यांच्यातला जुना संशय मात्र मागे उरला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने १९५४ च्या एप्रिलमध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानी शंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. समितीने १४ जिल्ह्यांत दौरे केले. मिशनच्या शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा निष्कर्ष तिने १९५६ साली काढला. केवळ धर्मांतरासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, गैरमार्गाने होणाऱ्या धर्मांतराला कायद्याने बंदी करावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. समितीची प्रश्नावलीच पूर्वग्रहाने भरलेली आहे, असा कॅथलिकांचा आक्षेप होता.

त्याच वर्षी, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लढवली होती. नियोगी अहवाल आणि दीक्षाभूमी या दोन घटना सहसा वेगवेगळ्या वाचल्या जातात. धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या एकत्र वाचाव्या लागतात. ‘गरीब, अशिक्षित माणूस स्वतः धर्म बदलत नाही, त्याला कोणीतरी बदलवते’ हे अहवालामागचे गृहीत होते. दीक्षाभूमीवर जमलेल्यांत बहुतेक गरीबच होते, आणि निर्णय त्यांचा होता.

रोमचा निर्णय

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत केला. त्याच्या मसुद्यावर अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांच्या विचारांची मोठी छाप आहे. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो आणि तो कॅथलिक नसलेल्यांनाही तेवढाच लागू आहे, हे त्यात प्रथमच निःसंदिग्धपणे आले. न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्था ही मर्यादाही मान्य केली गेली. भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमाशी तिचे साम्य उघड आहे.

याच दस्तऐवजाच्या चौथ्या परिच्छेदात प्रसार करणाऱ्यांनाही ताकीद आहे: बळजबरीचा नुसता वासही येऊ देऊ नये, अशोभनीय मार्गांनी मन वळवू नये, आणि गरीब व अशिक्षित लोकांपुढे तर विशेष जपून राहावे. नियोगी समितीने जो आरोप केला होता, नेमके तेच आचरण चर्चने स्वतःसाठी निषिद्ध ठरवले. पुढे १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही कोणाला त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक करता येणार नाही, असे कलम आले.

पाचवे कलम

ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली कायदे केले. मध्य प्रदेशाच्या कायद्यात बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरले. ‘बळ’ या शब्दात दैवी कोपाची भीती दाखवणे आले, ‘प्रलोभना’त कोणताही भौतिक लाभ आला. अडचण इथेच होती. नरकाविषयीचे प्रवचन धमकी मानायचे का? मिशनच्या दवाखान्यातले औषध प्रलोभन का? पाचव्या कलमाने आणखी एक अट घातली: धर्मांतराचा विधी करणाऱ्या पुरोहिताने त्यानंतर ठरलेल्या मुदतीत जिल्हा दंडाधिकाऱ्याला वर्दी द्यायची.

तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या बलौदा बाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने फादर स्टेनिस्लॉस यांच्यावर याच कायद्याखाली खटला भरायला मंजुरी दिली. फादरांनी तीन मुद्दे मांडले: असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला नाही, तो २५ व्या कलमाविरुद्ध आहे, आणि सक्तीची वर्दी म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा वैध ठरवला. ओडिशा उच्च न्यायालयाने त्याआधी, १९७२ साली, तिथला कायदा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९७७ रोजी दोन्ही प्रकरणांचा एकत्र निकाल दिला. सरन्यायाधीश अ. ना. रे यांच्या पीठाच्या मते ‘प्रसार’ म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. दोन्ही कायदे टिकले.

महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर कठोर टीका केली. धर्माची माहिती ऐकून कोणी तो स्वीकारला तर ते त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे, हा त्यांचा मुद्दा. सीरवाई पारशी होते, त्यांचा युक्तिवाद पूर्णपणे संविधानाचा होता. तरी कॅथलिक बाजूला तो सर्वांत उपयोगी पडला.

नोंदवही आणि वर्दी

वर्दीला असलेला विरोध लपवाछपवीसाठी आहे, असे अनेकदा म्हटले जाते. कॅथलिक धर्मग्रामातली पद्धत पाहिली तर हे पटत नाही. प्रौढ माणसाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) हवा असेल तर आधी त्याने इच्छा स्वतः व्यक्त करावी लागते, मग शिकवणीचा दीर्घ काळ असतो, आणि तो विधी बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. प्रत्येक स्नानसंस्काराची नोंद धर्मग्रामाच्या वहीत होते: नाव, तारीख, पालक, साक्षीदार. नोंद असतेच. आक्षेप आहे तो ती सरकारकडे जाण्याला आणि तिच्यावर चौकशी बसण्याला.

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ साली तिथल्या कायद्यातली पूर्वसूचनेची अट रद्द करताना हेच मान्य केले: आपली श्रद्धा उघड न करण्याचाही नागरिकाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाविषयीच्या निकालाने त्याला आणखी आधार दिला. कायदे मात्र उलट दिशेने कडक होत गेले. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात वर्दी विधीच्या ६० दिवस आधी द्यायची आहे; वडिलांच्या मूळ धर्मात परतणे हे धर्मांतरच मानलेले नाही. स्वेच्छेने लग्न करणाऱ्या प्रौढांवर या अटीखाली कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिला.

कायद्याभोवतीचे वातावरणही त्याच हावडा–मुंबई रेल्वेमार्गावर दिसते. २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनी आणि एक आदिवासी तरुण यांना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

सार्वजनिक जीवनातली बाजू

न्यायालयाबाहेर कॅथलिकांनी दोन मार्ग वापरले. एक संस्थांचा: अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्याकांचा आपल्या संस्था चालवण्याचा हक्क राखला. दुसरा मार्ग सहभागाचा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि हरित वसईच्या आंदोलनात पुढे होते. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा काही संघटनांनी विरोध केला, संमेलन झाले.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून थोडी कमी आहे. शेजारी मध्य प्रदेशात १९६८ पासून कायदा असताना महाराष्ट्रात अनेक दशके तसा कायदा नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने या विषयावर पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा कायद्याला कॅथलिक विरोध टिकायचा असेल तर तो केवळ स्नानसंस्कारापुरता राहून चालत नाही. तीच वर्दीची अट दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारणाऱ्याला आणि धर्मच सोडणाऱ्यालाही लागू होते. १९६५ च्या जाहीरनाम्यातली दुसरी अट पाळली जाते हे शाळा, दवाखाने आणि वसतिगृहांतून दाखवावे लागते. पहिली अट न्यायालयात मागताना तोच पुरावा उपयोगी पडतो.