उशिराची कजा

सेवाग्रामच्या आश्रमात आजही पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर सर्वधर्म प्रार्थना होते. तिच्यात सूरह फातिहाही आहे. गांधीजींना कुरआनच्या आयती शिकवल्या त्या रैहाना तय्यबजी यांनी. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाला शेगाव म्हणत. कमरेला घड्याळ लावणारा हा माणूस जेवण, फिरणे, भेटीगाठी सारे ठरल्या वेळी करी. पण ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि पाचच्या प्रार्थनेला दहाएक मिनिटे उशीर झाला. मैदानाकडे झपाझप जाताना, आपल्याला उशीर मुळीच आवडत नाही, हेच ते सोबतच्या मुलींना सांगत होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

इतक्या काटेकोर माणसालाही उशीर होतो. आपण मात्र दारात पाय ठेवताच ट्रॅफिक, पाऊस, पाहुणे अशी यादी सुरू करतो. त्यात ‘इन्शाअल्लाह, पाचपर्यंत येतो’ म्हणताना मनात जायचे नसतेच! पक्का इरादा करून पुढचे अल्लाहवर सोपवायचे, त्यासाठीचा हा शब्द. आपण त्याची पळवाट केली.

खैबरहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) आणि साथीदार रात्री मुक्कामाला थांबले. फज्रसाठी जागे राहण्याची जबाबदारी हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर होती. ते उंटाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसले आणि तसेच झोपी गेले. ऊन अंगावर आले तेव्हा सर्वांना जाग आली. विचारल्यावर बिलाल (रजि.) यांनी झोपेने गाठल्याचे सरळ सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. काफिला थोडा पुढे नेला, वजू केला, चुकलेली नमाज जमातीने अदा केली. आणि इकामत द्यायला सांगितली ती बिलाल (रजि.) यांनाच.

मला या प्रसंगातली ही शेवटची गोष्ट फार मोठी वाटते. ज्याच्या हातून चूक झाली, काम पुन्हा त्याच्याच हाती दिले गेले.

झोपेत राहिलेल्या नमाजचा गुन्हा नाही, आठवताच ती अदा करायची. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, यांचे तसे नाही. तिथे नुसती तौबा पुरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचे भरून द्यावे लागते, त्याची माफी मागावी लागते. ईदचे कपडे चांदरातीला देतो म्हणून सकाळी दिले, तर शिलाई कमी घ्यावी. उधारीची तारीख टळणार असेल, तर आधीच घरी जाऊन सांगावे. ऐपत असून देणे लांबवणे हा तर हदीसनुसार जुलूमच.

आणि मूल शाळेच्या फाटकाशी अर्धा तास एकटे उभे राहिले असेल, तर चॉकलेट देऊन भागत नाही. ‘चूक माझी’ एवढेच म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे आधी जाऊन उभे राहावे. तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. शाळा सुटल्यावर ते धावत येऊन आधी रस्ता न्याहाळते, की मित्रांशी रमतगमत बाहेर येते, ते पाहत राहावे.