एआयचे शेअर आणि बिटकॉइन : एकाच माळेचे मणी

सलमाबादला आमच्या वर्कशॉपमध्ये दुपारी डबे उघडले की हल्ली क्रिकेटइतकीच बिटकॉइनचीही चर्चा होते. एका सहकाऱ्याची योजना अशी : शिलकीतले निम्मे पैसे एनव्हिडियाच्या शेअरमध्ये, निम्मे बिटकॉइनमध्ये. "एक बुडालं तर दुसरं तारेल." आपल्या मंडळींपैकी इतरही काहींच्या मनात हेच असावे, म्हणून हे टिपण.

एनव्हिडिया ही चिप बनवणारी अमेरिकन कंपनी. कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, अवाढव्य गणिते तिच्या चिपवर चालतात. तसल्याच चिप वापरून पूर्वी इथेरियम हे आभासी चलन मिळवले जाई; सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली आणि ते थांबले. आज एआयसाठी संगणक भाड्याने देणारी कोअरवीव्ह कंपनी २०१७ मध्ये याच उद्योगासाठी निघाली होती. नाते जुने आहे ते असे.

पण खरा दुवा चिपचा नाही, पैशाचा आहे. व्याज कमी आणि पैसा मुबलक असला की धाडसी गुंतवणूकदार दोन्ही घेतात. धास्ती बसली की दोन्ही विकतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात बिटकॉइनचे फंड आल्यापासून तर दोन्ही एकाच खात्यात ठेवता येतात. २०२२ मध्ये तिथले व्याजदर चढले, त्या वर्षात एनव्हिडियाचा भाव निम्म्यावर आला आणि बिटकॉइनने सुमारे ६४ टक्के गमावले. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआयच्या बातमीने एनव्हिडिया एका दिवसात १७ टक्के कोसळला, आणि बिटकॉइनही एक लाख डॉलरच्या खाली गेला. वास्तविक डीपसीकचा बिटकॉइनशी काडीचा संबंध नव्हता! परंतु क्रिप्टोचा बाजार रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालू असतो. घाबरलेल्याला आधी तिथेच विकता येते.

चढताना मात्र दोघे बरोबर असतीलच असे नाही. मार्च ते सप्टेंबर २०२४ मध्ये एनव्हिडिया बराच वर गेला, बिटकॉइन जवळपास होता तिथेच राहिला.

आपल्याला इथे निवृत्तिवेतन नाही. मार्च २०२४ पासून आपल्या इंडेम्निटीची रक्कम मालक दरमहा सोशल इन्शुरन्स संस्थेकडे भरतो. नोकरी संपल्यावर हाती येणारी ती रक्कम या खेळात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या बचतीपैकी दहा टक्के जोखमीत घालायचे ठरवले, तर ते दोन्ही मिळून दहा. दहा आणि दहा नव्हेत. बहारीनच्या सेंट्रल बँकेने २०१९ मध्ये क्रिप्टोसाठी नियम केले, परवानेही दिले. पण परवाना व्यवहार करण्याचा असतो, भावाची हमी देणारा नसतो.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि क्रिप्टोतला तोटा शेअरच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही.