उपचाराचे पैसे केव्हा भरायचे?

आरोग्यसेवा सरकारी असावी की खासगी, या वादात आपल्याकडे दोन पक्ष ठरलेले आहेत. एक म्हणतो, सरकारी दवाखान्यात माणसाला कोणी विचारत नाही. दुसरा म्हणतो, खासगीतलं बिल पाहूनच माणूस खचतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून वाद जिथल्या तिथे राहतो. पण निरनिराळ्या देशांच्या व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर इस्पितळ कोणाच्या मालकीचं आहे याला आपण समजतो तितकं महत्त्व नाही असं दिसतं. महत्त्वाचे प्रश्न दोन. उपचाराचे पैसे आजारपणाआधी सगळ्यांनी मिळून भरायचे, की आजारी पडल्यावर ज्याचे त्याने? आणि उपचाराचा दर ठरवायचा कोणी?

ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिथे खर्च मुख्यतः करातून चालतो आणि बहुतेक इस्पितळं सरकारी आहेत. जर्मनीने त्याच्या कितीतरी आधी, 1883 मध्ये, कामगारांसाठी आजार-विम्याचा कायदा केला. आज तिथे पगारातून वर्गणी कापली जाते, तितकीच मालक भरतो, आणि इस्पितळं नगरपालिकांची, धर्मादाय संस्थांची, खासगी अशी सर्व प्रकारची आहेत. जपानमध्ये तर सुमारे 80 टक्के इस्पितळं खासगी आहेत. तरीही 1961 पासून तिथला प्रत्येक रहिवासी विम्याच्या छत्राखाली आहे. हे साधतं ते एका दरपत्रकामुळे. प्रत्येक तपासणीला, शस्त्रक्रियेला ठरावीक गुण दिलेले असतात आणि एका गुणाचे 10 येन होतात. टोकियोतलं मोठं इस्पितळ असो की होक्काइदोमधला छोटा दवाखाना, विम्यातल्या उपचाराचा दर हाच. दर दोन वर्षांनी तो नव्याने ठरतो. रोगी साधारण 30 टक्के रक्कम भरतो, पण महिन्याच्या खर्चाला वरची मर्यादा आहे. शिवाय खासगी वैद्यकीय संस्थांना नफा वाटून घ्यायला कायद्याने मनाई आहे.

यावर बाजारवादी मंडळींचा आक्षेप असा, की स्पर्धा मोकळी सोडली तर दर आपोआप उतरतील. इतर मालाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण 1963 मध्ये केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वैद्यकीय सेवा हा वेगळाच व्यवहार आहे. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसतं, आणि काय विकत घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, विकणारा डॉक्टर ठरवतो. छातीत कळ येत असताना चार ठिकाणचे दर विचारत कोणी फिरत नाही. अमेरिकेचा अनुभव हेच सांगतो. तिथे आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 17 टक्क्यांच्या आसपास खर्च होतो. एवढा वाटा दुसरा कोणताही मोठा देश खर्च करत नाही, आणि त्यातला जवळपास निम्मा पैसा सरकारचा असतो. तरीही कोट्यवधी लोक विम्याविना आहेत आणि उपचारांच्या कर्जाने घरं बुडतात. प्रत्येक विमा कंपनी प्रत्येक इस्पितळाशी वेगळी घासाघीस करते, त्यामुळे एकाच तपासणीचे दर एकाच शहरात कितीतरी वेगळे निघतात. सरासरी आयुर्मानात अमेरिका जपानच्या पाच-सहा वर्षं मागे आहे. त्याला लठ्ठपणा, बंदुका, अमली पदार्थ अशी इतरही कारणं आहेत, पण जादा पैसा ओतून जादा आरोग्य मिळालं नाही, हे मान्य करावंच लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळे श्रीमंतांचे थाट, गरीब देशाला कसे परवडणार? याचं उत्तर थायलंडने दिलं आहे. 2001-02 मध्ये तिथे सर्वांसाठी आरोग्य योजना आली, तेव्हा त्या देशाचं दरडोई उत्पन्न 2 हजार डॉलरच्या घरात होतं आणि बहुतेक लोक शेतीत किंवा असंघटित कामात होते. त्यांच्याकडून हप्ते गोळा करणं अवघड, म्हणून सरकारने खर्च थेट करातून उचलला. दवाखान्यात गेलं की थाई चलनातले 30 बात भरायचे, बाकीचं योजनेकडे. पहिल्या वर्षी दरडोई सुमारे 1,200 बात धरले गेले. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदवलेल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेली रक्कम मिळते, त्यामुळे गरज नसलेल्या तपासण्या लिहून देण्यात दवाखान्याचा फायदा राहत नाही. उलटा धोका हा, की गरजेचे उपचारही टाळले जातील. त्यावर देखरेख लागते, आणि योजनेत काय बसतं याचा पुन्हा पुन्हा विचार करावा लागतो. डायलिसिस सुरुवातीला योजनेत नव्हतं. 2008 मध्ये ते आणलं, तेही पोटात द्रव सोडून घरीच करता येणाऱ्या पद्धतीवर भर देऊन, म्हणजे खेड्यातल्या रोग्याला सारखं शहर गाठावं लागू नये. मुख्य म्हणजे, त्याआधीची काही दशकं थायलंडने जिल्ह्या-तालुक्यांत इस्पितळं बांधण्यात आणि तिथे डॉक्टर पाठवण्यात घालवली होती. नुसतं कार्ड वाटून हे झालं नसतं.

तिसरा आक्षेप रांगांचा. तो खोटा नाही. 2023 मध्ये इंग्लंडमधली नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी 75 लाखांच्या वर गेली. सामायिक तिजोरीत पुरेसा पैसा आणि माणसं नसली, की टंचाई रांगेच्या रूपाने दिसते. मात्र खिशातून पैसे भरण्याच्या व्यवस्थेतही टंचाई असतेच, फक्त ज्याला परवडत नाही तो रांगेत उभाच राहत नाही आणि कुठल्या यादीत त्याची नोंद होत नाही. इंग्लंडची रांग निदान मोजता येते आणि तिच्यावरून सरकारला जाब विचारता येतो.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी आहे, पण ओझं अजून जड आहे. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंतचं संरक्षण असलं, तरी तिचा भर इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या मेडिकलमधूनच घ्याव्या लागतात. दरांचं म्हणाल, तर खासगी इस्पितळांना आवर घालणं अशक्य आहे असं आपण धरूनच चाललो आहोत. पण मे 2020 मध्ये, करोनाच्या काळात, महाराष्ट्र सरकारने खासगी इस्पितळांतल्या 80 टक्के खाटांसाठी दिवसाचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. आदेश मोडल्याच्या तक्रारी आल्या, बिलांची तपासणी करावी लागली, पण दर ठरवता येतात हे सिद्ध झालं.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. सरकारी की खासगी, हा वाद आता बाजूला ठेवावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: 2.5 टक्क्यांचं उद्दिष्ट कधी गाठणार, बाह्यरुग्णांची औषधं योजनेत कधी येणार, आणि उपचारांचे दर कोण बांधणार? ज्याच्याकडे याची उत्तरं नाहीत, त्याच्याकडे आरोग्याचं धोरण नाही.