अंधारात पाहणारा डोळा घरी कसा करावा



इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठाने जो रात्री हिंडला आहे त्याने हे दृश्य पाहिलेच असेल. पाण्याला लागून ओळीने विजेच्या मोटारी आणि त्यांच्यापर्यंत जमिनीवरून गेलेल्या केबली. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळत आली आहे, आणि चोरालाही रात्रच सोयीची. तो मोटार नेतो ती लोखंडासाठी नव्हे, आतल्या तांब्याच्या तारेसाठी. मोडीत त्याला थोडेफार मिळते. पण नवी मोटार येईपर्यंत शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकते आणि उभा ऊस वाळतो. बारामतीच्या लहान कारखानदाराची मागच्या अंगणातील केबलही याच वाटेने जाते.

माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. डाख द्यायला मी यंत्रदुरुस्तीच्या कामगारांजवळ बसून शिकलो. तेव्हा मी सांगतो ते कोणालाही जमण्यासारखे आहे.

१८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक धरला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. हाच अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या चकतीला मात्र दिसतो. मग दिवसाचे रंग बिघडू नयेत म्हणून कारखानदार भिंगामागे एक बारीक काच बसवून तो अडवतो. म्हणजे कॅमेऱ्याला रात्री पाहण्याची शक्ती मुळातच आहे, तिच्यावर झापड घातलेली आहे. आपले काम ती काढण्याचे. खात्री करायची असेल तर टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाइलांत दिवा लुकलुकताना दिसेल.

साहित्य थोडे आहे. ईएसपी-३२-कॅम नावाची पट्टी हजार रुपयांच्या आत मिळते. तिच्यावर कॅमेरा, वाय-फाय आणि चित्रे साठवायच्या कार्डाची खाच आहे. भिंग फिरवून काढा, मागची रंगीत झाक असलेली काच सुईच्या टोकाने अलगद उचला. माझे पहिले भिंग या कामात ओरखडून फुकट गेले. घाई केली, दुसरे काय! ज्यांना हा उद्योग नको त्यांनी काच नसलेले भिंगच मागावे. काच काढल्यावर चित्र अंधुक होते, म्हणून भिंग पुन्हा फिरवून रात्रीच्याच प्रकाशात ठाकठीक करावे. दिवसा त्यातून ऊस पांढुरका दिसेल. भिऊ नका, हिरवे पान अवरक्त प्रकाश परतवून लावते.

आता दिवे. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब पोचतात, पण जवळून तांबूस ठिपका दिसतो. ९४० चे दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यालाही ते कमी भावतात. काठावर मी ८५० चेच घेईन. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा दिवे एका माळेत जोडा. प्रत्येकी सुमारे दीड व्होल्ट, म्हणजे नऊ गेले. उरलेले तीन व्होल्ट १०० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात आणि माळेतून ३० मिलिअँपियर वाहतात. अशा सहा माळा, छत्तीस दिवे. रेझिस्टर गाळला तर दिवे जळतील. एकही दिवा उलटा लागला तर ती माळ पेटणारच नाही. पट्टीला मात्र पाचच व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये व्होल्ट उतरवणारी लहान पट्टी घाला. सारे मिळून चारएक वॅट. बारा तासांच्या रात्रीत सात अँपियर-तासांची बॅटरी निम्म्याहून थोडी अधिक उतरते. ती रोज भरली पाहिजे.

एवढ्या दिव्यांत आठदहा मीटरवरचा माणूस ओळखू येतो. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, म्हणून सगळा काठ उजळण्याचा हव्यास नको. मोटारीकडे जाणारी पायवाट धरा. दिवे आणि भिंग एकाच काचेमागे ठेवू नका. काचेवरून परतलेल्या उजेडाने सारे चित्र पांढरे होते. कोळ्याचे जाळेही तसेच करते, तेव्हा आठवड्यातून एकदा फडके फिरवा. आणि चित्र साठवणारी पट्टी मोटारीवरच ठेवाल तर चोर मोटारीबरोबर पुरावाही नेईल! ती झाडावर, हाताला न लागेल अशी बांधा.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. कॅमेरा आला म्हणून राखणदाराला काढावे काय? कॅमेरा चोराला हटकत नाही, बांध फुटला तर हाक मारत नाही. राखणदारांसाठी १९८१ साली महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला, मंडळे झाली; तरी बारा-बारा तास एकटा बसणारा म्हातारा आजही आढळतो. त्याच्या खोपटात या कॅमेऱ्याचे चित्र दिसू द्या, म्हणजे काठी घेऊन एकट्याने अंधारात शिरण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. उलट, एका कारखान्यात हाच डोळा बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीकडे वळवलेला मी पाहिला आहे. तो आम्ही काढायला लावला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. शेजाऱ्याच्या अंगणाकडेही भिंग वळवू नये.

टेबलावरच्या या पेटीत असा एक कॅमेरा जोडून आणला आहे. दिवे मालवायला सांगतो. पुढच्या रांगेतील मंडळींनी जागेवरच बसून राहावे.