साहेबाचे ओटे आणि आपला ओटा

दोस्तांनो, विजयदुर्गचा किल्ला बघायला गेलात, की तटबंदी आणि समुद्र पाहून लगेच मागे फिरू नका. 'साहेबाचे ओटे' कुठे आहेत, ते विचारा. हे ओटे बसण्यासाठी नव्हते बरं का! सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांवर दुर्बिणी ठेवल्या होत्या, असं सांगतात.

साहेब म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात त्यांनी इथूनच हेलियम शोधला, असंही ऐकायला मिळतं. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. पण यात थोडी गल्लत आहे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मदतीला 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरची माणसं होती. आता विचार करा, इतक्या लांबून यायचं, खग्रास स्थिती साधारण दोन मिनिटांची, आणि नेमकी तेव्हाच दुर्बीण थरथरली तर?

शंभरपट मोठं दाखवणारी दुर्बीण थरथरही शंभरपट मोठी करते. पटत नसेल तर सकाळच्या उन्हात पाण्याची वाटी स्टुलावर ठेवा. भिंतीवर कवडसा पडेल. शेजारी पाय आपटा, कवडसा कसा नाचतो बघा. मग तीच वाटी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवून पुन्हा आपटा.

घरी दुर्बीण असेल, तर आई-बाबांना आणि गवंडीकाकांना हाताशी धरून खळ्याच्या कडेला तिचा ओटा बांधता येईल. जागा उत्तरेकडे मोकळी हवी. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर असतो, घराच्या छपराआड सहज जातो. माडाखाली तर मुळीच नको, नारळ दुर्बिणीवरच पडायचा!

दोन-अडीच फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. जांभ्याचा कातळ लागला तर उत्तमच. सळ्यांचा पिंजरा खड्ड्यातून वरच्या खांबापर्यंत सलग न्या. खांबासाठी आठ-दहा इंची पाइपाचा साचा चालतो. काँक्रीट म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. वाळू किनाऱ्यावरची घेऊ नका हं! फुकट मिळते खरी, पण तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात आणि खांब तडकतो. वर दुर्बिणीची बैठक आवळायचे बोल्टही स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खारा वारा साधं लोखंड खाऊन टाकतो. काँक्रीट ओलं असतानाच ते सरळ उभे रोवा आणि माथा पाणसळीने तपासा.

नंतर गोणपाट गुंडाळून निदान सात दिवस पाणी मारायचं. पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात, तोवर दुर्बीण चढवायची घाई नको. भोवती लाद्या बसवणार असाल, तर खांब आणि लादी यांच्यात बोटभर फट ठेवा. नाहीतर तुमचं प्रत्येक पाऊल लादीतून थेट दुर्बिणीत पोचेल. हे सगळं दिवाळीनंतर करा, पावसाळ्यात तसंही आभाळ दिसत नाही.

(दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.)

ओटा तयार झाला, की एका रात्री गुरू आणि त्याचे चार चंद्र दुर्बिणीत धरा. आणि धाकट्या भावंडाला सांगा, आता मार शेजारी उड्या!